लायब्ररीतला ब्लॅक सिनेमा: सात खेळांनंतरचं मत

न्यू जर्सीतल्या एका गावाच्या लायब्ररीत महिन्यातून एका गुरुवारी ब्लॅक सिनेमा, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकी दिग्दर्शकांचे सिनेमे, दाखवतात आणि मग त्यावर गप्पा होतात. तिकीट नाही, लायब्ररी कार्डही मागत नाहीत. नाव मात्र आधी नोंदवावं लागतं, कारण खुर्च्या चाळीसच आहेत. हे मत सप्टेंबर ते मार्च या सात खेळांवरचं. सिनेमांची निवड अव्वल आहे, चर्चा बहुतेक वेळा रंगते, आणि जिथे बिनसलं तिथे जवळपास दरवेळी कारण घड्याळ होतं.

फेब्रुवारीपुरता उपक्रम नाही, ही मोठी जमेची बाजू. कृष्णवर्णीय इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ साली अमेरिकेत फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा एक आठवडा सुरू केला, त्याचा पुढे महिनाभराचा ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’ झाला. त्या महिन्यात जिथे तिथे तेच तीन-चार गाजलेले सिनेमे लागतात आणि मार्च उजाडला की सामसूम. इथे वर्षभर वेळ असल्यामुळे ऑस्कर मिशो यांच्या १९२० च्या ‘विदिन अवर गेट्स’पासून चेरिल डुन्ये यांच्या १९९६ च्या ‘वॉटरमेलन वुमन’पर्यंत सावकाश जाता आलं.

आता घड्याळ. खेळ सहाला, लायब्ररी आठला बंद. एकशेवीस मिनिटांतली दहा मिनिटं खुर्च्या मांडण्यात, ओळख करून देण्यात आणि उशिरा येणाऱ्यांत जातात. चार्ल्स बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ ऐंशी मिनिटांचा आणि कॅथलीन कॉलिन्स यांचा ‘लूझिंग ग्राउंड’ शहाऐंशी मिनिटांचा, त्यामुळे चर्चेला वीस-तीस मिनिटं उरली. जूली डॅश यांचा ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’ मात्र एकशेबारा मिनिटांचा. तो संपेपर्यंत दिवे मालवायची वेळ झालेली, आणि नेमका याच सिनेमावर लोकांना सर्वात जास्त बोलायचं होतं. नव्वद मिनिटांवरचा प्रत्येक सिनेमा शनिवारी दुपारी ठेवावा, दुसरा इलाज नाही. शिवाय ‘डॉटर्स ऑफ द डस्ट’मधली पात्रं जॉर्जिया-साउथ कॅरोलायना किनाऱ्याजवळच्या बेटांवरची गल्ला बोली बोलतात. सबटायटल्स सुरू न केल्यामुळे पहिली वीस मिनिटं मागच्या रांगेपर्यंत पोचलीच नाहीत. सबटायटल्स प्रत्येक खेळाला सुरूच ठेवावीत. कमी ऐकू येणाऱ्यांचीही सोय होते.

यंत्रांच्या चुका छोट्या, पण दर महिन्याला त्याच. ‘किलर ऑफ शीप’ची चौकट जवळपास चौकोनी आहे. प्रोजेक्टर रुंद पडद्याच्या मापावर ठेवला तर सगळ्यांचे चेहरे फुगतात. सेटिंगमध्ये चौकटीचं प्रमाण मूळ ठेवायचं, दोन्ही बाजूंना काळी पट्टी येऊ द्यायची. स्ट्रीमिंगच्या वेळी कधी आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. बहुतेक वेळा लॅपटॉप आणि प्रोजेक्टरमधल्या जोडणीत कॉपीसंरक्षणाचा मेळ बसलेला नसतो. शक्य असेल तर डिस्क वापरावी, नाहीतर तासभर आधी तीच केबल लावून तोच सिनेमा पाच मिनिटं चालवून पाहावा. आवाज प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरवर सोडू नये. त्याच्या पंख्यापुढे कुजबुज ऐकू येत नाही.

हक्कांच्या बाबतीत इथले लोक पक्के आहेत. लायब्ररीच्या कपाटातली डिस्क घरी नेता येते, पण तीच खोलीभर लोकांना दाखवायची तर सार्वजनिक प्रदर्शनाचा वेगळा परवाना लागतो. खेळ फुकट असला तरीही. मोठ्या स्टुडिओंसाठी वार्षिक परवाना मिळतो. या यादीतले बरेच सिनेमे छोट्या वितरकांकडे आहेत, त्यांना एकेका सिनेमासाठी पत्र लिहावं लागतं. महिनाभर आधी लिहावं. मिशोंचा १९२० चा सिनेमा अमेरिकेत हक्कमुक्त आहे, पण डिस्कवर नवं पार्श्वसंगीत असेल तर त्याचे हक्क असू शकतात. संगीताच्या हक्कांनी काय होतं, याचा नमुना ‘किलर ऑफ शीप’च: दहा हजार डॉलरच्या आत केलेला, १९७८ चा सिनेमा गाण्यांच्या हक्कांपायी २००७ पर्यंत थिएटरात रीतसर लागला नाही. खेळाआधी दोन मिनिटांत एवढं सांगितलं तरी लोक गाणी वेगळ्या कानाने ऐकतात.

चर्चेबद्दल थोडं सविस्तर. “कसा वाटला?” असं विचारलं की दोघं “छान” म्हणतात आणि खोली गप्प. “कोणतं दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे?” असं विचारलं की बोलणं सुरू होतं. मग त्याच दृश्याची तीन मिनिटं पुन्हा लावायची. खुर्च्या गोल मांडायच्या, त्यासाठी पाच मिनिटं हातची ठेवायची. एक चूक दोनदा झाली: सूत्रधाराने खोलीतल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकाकडे वळून “तुमच्या समाजात असंच असतं का?” विचारलं. प्रश्न सिनेमाला विचारावा, शेजाऱ्याला नव्हे.

या गटात मराठी मंडळी दोन-चार असतात, आणि त्यांच्याजवळ बोलण्यासारखं आहे. जोतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. १९७२ साली मुंबईत निघालेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते अमेरिकेत ऑकलंडला निघालेल्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. हे सांगावं, पण थोडक्यात. “आमच्याकडेही असंच” म्हणत सिनेमा बाजूला सारला की समोरच्याचा चेहरा पडतो.

‘विदिन अवर गेट्स’ पुन्हा लागला तर येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: मूकपट आहे, मधला थोडा भाग हरवलेला आहे, आणि हाती आहे ती प्रत स्पेनमध्ये सापडलेली. शेवटच्या भागात झुंडबळीचं दृश्य येतं आणि त्याला जोडूनच बलात्काराच्या प्रयत्नाचं. नोंदणीच्या फॉर्मवर आणि खेळाआधी तोंडीही हे सांगायला हवं होतं. या वेळी फक्त दारावरच्या कागदावर लिहिलं होतं, तेही बारीक अक्षरात. मुलांना आणू नये. दाराजवळच्या खुर्च्या लवकर येऊन धरल्या तर मधूनच उठून जाणं सोपं पडतं.