अंधत्व केव्हा सांगावे: बायोडेटात, बोलावणे आल्यावर की थेट मुलाखतीत?

सरकारी नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या अंध उमेदवारापुढे हा प्रश्न फारसा उभा राहत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील कलम ३४ नुसार सरकारी आस्थापनांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के आरक्षण असून त्यातील १ टक्का अंध व अल्पदृष्टी उमेदवारांसाठी आहे. त्याचा लाभ हवा असेल तर किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि परीक्षेत लेखनिक (उत्तरे लिहून देणारी व्यक्ती) किंवा तासामागे किमान २० मिनिटांचा वाढीव वेळ हवा असेल तर तेही बहुधा अर्ज भरतानाच नोंदवावे लागते. तेथे गप्प राहणे म्हणजे आपला हक्क आपल्या हाताने सोडून देणे होय.

खरी घालमेल होते ती खासगी नोकरीच्या बाबतीत. अर्जातच अंधत्व जाहीर करावे, असे बंधन हा कायदा उमेदवारावर घालत नाही. मात्र अर्जात तसा थेट प्रश्न विचारलेला असेल तर खोटे उत्तर कधीही देऊ नये, कारण पुढे नोकरी मिळूनही ते उत्तर आपल्या मानेवर बसते.

बायोडेटात स्पष्ट लिहिण्याचा मोठा फायदा असा की, ज्यांना अंध सहकारी नकोच आहे त्यांच्याकडे जाण्यायेण्याचा खर्च आणि मनस्ताप वाचतो. तोटाही त्याच ओळीत आहे. बायोडेटा चाळणाऱ्या व्यक्तीने अंध माणसाला संगणकावर काम करताना बहुधा कधी पाहिलेलेच नसते, तिच्या मनातल्या शंकेला उत्तर द्यायला आपण समोर नसतो, आणि कागद बाजूला ठेवण्यासाठी तिला कुणाला कारणही सांगावे लागत नाही. अपवाद मात्र आहेत. वीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनीही समान संधी धोरण तयार करून त्यात दिव्यांगांसाठीच्या सोयी आणि निवडीची पद्धत नमूद करावी, असे त्याच कायद्याखालील २०१७ चे नियम सांगतात. ज्या कंपनीच्या संकेतस्थळावर हे धोरण ठळकपणे दिसते, तेथे मी बायोडेटातच लिहिते. शिक्षण अंधशाळेत झाले असेल तर लपवण्यासारखे तसेही काही उरत नाही.

मुलाखतीच्या खोलीत शिरेपर्यंत काहीच न सांगण्याचा मार्ग मी एकदा अवलंबला, आणि तो पुन्हा अवलंबणार नाही. पांढरी काठी टेकत मी आत गेले तेव्हा आधी चाललेले बोलणे एकदम थांबले. खुर्ची कुठे आहे हे कुणी सांगेना. ती मी काठीनेच शोधली. त्यानंतरचा बराचसा वेळ ‘घरून एकट्याच आलात का’, ‘लिफ्टचे बटण कसे कळले’ यांतच गेला, आणि शेवटी समोर छापील प्रश्नपत्रिका सरकवण्यात आली, जी वाचून दाखवायला कुणीही मोकळे नव्हते. माणसे वाईट नव्हती. त्यांना तयारीला वेळच मिळालेला नव्हता, पण त्याची किंमत मी मोजली.

म्हणून माझा कौल मधल्या वेळेला आहे: बोलावणे आल्यानंतर, पण मुलाखतीच्या निदान तीन-चार दिवस आधी. तोपर्यंत आपली पात्रता कागदावर मान्य झालेली असते आणि आता नकार द्यायचा तर कारण शोधावे लागते. फोनवर मी साधारण असे बोलते: ‘मी पूर्णपणे अंध असून स्क्रीन रीडर या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने संगणकावर काम करते. चाचणी संगणकावर असेल तर ती केवळ कीबोर्डने सोडवता येते का, आणि तीत चित्र पाहून ओळख पटवायला लावणारा कॅप्चा आहे का, हे कृपया कळवाल का?’ दृष्टी कशी गेली, कोणती शस्त्रक्रिया झाली, हा इतिहास येथे सांगण्याची गरज नाही. समोरच्याला काळजी असते ती काम कसे होईल याची, आणि उत्तर त्याचेच द्यावे.

मुलाखतीला स्वतःचा लॅपटॉप न्यावा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य आहे, त्यामुळे खर्चाची शंका तेथेच मिटते. आवाजाचा वेग मात्र नेहमीपेक्षा बराच कमी करावा. आपल्याला सहज कळणारा वेग इतरांना नुसता गलका वाटतो. इअरफोन काढून मी एक्सेलचे पत्रक उघडते, बाणाच्या कळांनी एकेका चौकटीत जाते आणि बेरजेतली चूक शोधून दाखवते. दोन मिनिटांच्या या प्रात्यक्षिकाने जे साधते, ते बायोडेटातल्या परिच्छेदाने साधत नाही.

अल्पदृष्टी उमेदवाराची कोंडी वेगळी आहे. त्याची अडचण पाहताक्षणी कळत नाही, त्यामुळे नियुक्तिपत्र हाती पडेपर्यंत थांबण्याचा मोह होतो, आणि मागच्या अनुभवांनी पोळलेल्या माणसाला तो व्हावा हे मी समजू शकते. तरीही बारीक अक्षरांच्या पडद्यावर वेळ लावून चाचणी घेतली जाणार असेल, तर न सांगणारा उमेदवार आपल्या संथपणाचे खापर स्वतःच्या बुद्धीवर फुटू देतो. चाचणी नसेल, नुसते बोलणेच असेल, तर नियुक्तिपत्र मिळाल्यावर आणि रुजू होण्यापूर्वी सांगितलेले चालू शकते.

फोनवर ठरलेले त्याच दिवशी ई-मेलने लिहून पाठवावे, कारण ज्यांच्याशी आपण बोललो ते मुलाखत घेणाऱ्यांत असतीलच असे नाही, आणि तो ई-मेल मोबाइलमध्ये लगेच उघडता येईल असा जवळ ठेवावा.