‘अस्सल’ रिकव्हरी डिस्कचा संच आणि माझी फसगत

एका संगणकाच्या रिकव्हरी डिस्क (त्यावर विंडोज पुन्हा बसवण्यासाठी कंपनीने दिलेल्या डिस्क) दुसऱ्यावर चालत नाहीत, हे मी अनेकदा ऐकले होते आणि तरीही फसलो, म्हणून हे लिहिताना विक्रेत्यापेक्षा स्वतःचाच राग अधिक येतो. सुटे भाग जोडून तयार केलेल्या माझ्या संगणकासाठी मला विंडोज ७ हवे होते. जुन्या वस्तूंच्या एका संकेतस्थळावर ३ डीव्हीडींचा संच आणि प्रॉडक्ट कीचे, म्हणजे विंडोज सक्रिय करणाऱ्या परवान्याच्या क्रमांकाचे स्टिकर, नव्या परवान्याच्या किमतीच्या बरोबर एक तृतीयांश रकमेत मिळत होते. ‘डिस्क अस्सल, की न वापरलेली, कोणत्याही मशीनवर चालेल’, असे वर्णन होते. यातला पहिला दावा खरा होता आणि उरलेले दोन त्याच्याच आधारावर खपवले होते.

पाकीट उघडले तेव्हाच मी थांबायला हवे होते. डिस्कवर संगणक कंपनीचे नाव, खाली मॉडेलचा क्रमांक आणि त्याखाली ‘फक्त नव्या संगणकासोबत वितरणासाठी’ या अर्थाची इंग्रजी ओळ होती. ती मी वाचली होती. स्टिकरचा उजवा कोपरा फाटलेला होता आणि पाठीला काळ्या प्लास्टिकचा नखाएवढा कपचा चिकटलेला होता; म्हणजे कुणाच्या तरी लॅपटॉपच्या तळावरून ते खरवडून काढलेले होते. मी काय केले, तर तो कपचा नखाने उकरून टाकला आणि स्टिकर माझ्या कॅबिनेटवर नीट दाबून बसवले! माझ्या बाजूने इतकेच सांगतो, की मी पैसे मोजून अस्सल वस्तू घेत होतो, चोरीची प्रत उतरवून घेत नव्हतो. डिस्क हाती असणे म्हणजे परवाना हाती असणे नव्हे, हे तेव्हा डोक्यात शिरले नव्हते.

पहिल्या डिस्कने दोन मिनिटांतच ‘हा संगणक या डिस्कसाठी नाही’ असे सांगून काम थांबवले. विंडोज ७ च्या काळात मोठ्या कंपन्या हजारो संगणकांत एकच की घालत आणि बायोसमधल्या (संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममधल्या) ‘स्लिक’ नावाच्या तक्त्याशी तिचा मेळ बसला की विंडोज आपोआप सक्रिय होत असे. विंडोज ७ ला त्या तक्त्याची २.१ ही आवृत्ती लागते, आणि सुट्या मदरबोर्डात तो सहसा नसतोच. विक्रेत्याने गोड बोलून, पहिल्या रकमेच्या निम्मे पैसे आणखी घेऊन, ‘तपासणी काढलेली’ प्रत पाठवली. म्हणजे एक तृतीयांशाचे अर्धे झाले, तरी मला शंका आली नाही.

त्या प्रतीने हार्ड डिस्कचा कोणता विभाग पुसायचा, हे विचारलेच नाही. कारखान्यातून निघाल्याच्या अवस्थेत नेणे म्हणजे सहसा संपूर्ण हार्ड डिस्क पुसणे; माझ्या ५०० जीबी हार्ड डिस्कवरचे दोन्ही विभाग सहा वर्षांच्या छायाचित्रांसह गेले. बॅकअप होता का, हे कृपया विचारू नका, आणि तुमचा आधी घेऊन ठेवा. पुढे निळा पडदा आला, त्यावर ०x००००००७बी हा त्रुटीचा क्रमांक, कारण त्या प्रतीतला डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारा प्रोग्राम) वेगळ्याच संगणकाचा होता. बायोसमध्ये साटाचा, म्हणजे हार्ड डिस्कच्या जोडणीचा मोड बदलल्यावर विंडोज सुरू झाले, मात्र आवाज नाही आणि नेटवर्क नाही. ते ड्रायव्हर शोधून बसवले, तर ३० दिवसांची मुदत संपताच पडदा काळा झाला. स्टिकरवरची की घातली, तीही नाकारली गेली. मग विक्रेत्याने संगणक सुरू होताना खोटा तक्ता दाखवणारा एक छोटा प्रोग्राम सुचवला. तो मात्र मी घेतला नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. विंडोज सुरू होण्याआधी आत शिरणारा अनोळखी प्रोग्राम आणखी काय काय करतो, ते कोण पाहणार?

तक्रारींची कथा तर याहून वाईट. संकेतस्थळाच्या कक्षाने ‘वर्णनानुसार डिस्क मिळाली’ म्हणून प्रकरण ९ दिवसांत बंद केले. ‘कोणत्याही मशीनवर चालेल’ हे शब्द मी चित्रासह तीनदा पाठवले, आणि तिन्ही वेळा तेच उत्तर अक्षरशः जसेच्या तसे आले. डिस्कवर जिचे नाव होते त्या कंपनीने अनुक्रमांक विचारला. संगणकच माझा नाही म्हटल्यावर फोन संपला. पोलीस ठाण्यात ४० मिनिटे बसवून मला विचारण्यात आले, की डिस्क मिळाली ना, मग फसवणूक कुठे झाली? स्टिकर कुठून खरवडले असेल, हे मी सांगू लागलो, तर चोरीचा माल मी का घेतला, असा उलटा प्रश्न आला. अर्ज मात्र कुणीच घेतला नाही.

विक्रेता मॉडेलचा क्रमांक झाकून छायाचित्र देत असेल, तर तिथेच सोडा. विंडोज ८ पासून ब्रँडेड संगणकांत की थेट मदरबोर्डवरच साठवलेली असते आणि बाहेरच्या स्टिकरवर छापलेली नसते, त्यामुळे तशा संगणकाच्या डिस्कसोबत कुणी की विकत असेल, तर ती कुठून आली, हे विचारा.

फायली परत मिळवणाऱ्या एका प्रोग्रामने १,१४३ छायाचित्रे शोधून दिली आहेत. त्यांची नावे गेली असून नुसते क्रमांक उरले आहेत, म्हणून सध्या रोज संध्याकाळी मी एकेक उघडून ते कोणत्या वर्षाचे असावे, ते लावत बसतो.