आधी बी फॉर्म की आधी आराखडा?

शालेय सुरक्षेसाठी संस्थेकडे पैसा बेताचा आणि शिक्षकांकडे वेळ त्याहून कमी. मग सुरुवात कुठून करायची? एक वाट महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याची, म्हणजे रोजच्या भाषेत फायर ऑडिट आणि बी फॉर्म (आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक एजन्सीचे सहामाही प्रमाणपत्र). दुसरी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१६ च्या शालेय सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वांची, म्हणजे शाळेचा स्वतःचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा. सीसीटीव्ही आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीचे शासन निर्णय तितकेच महत्त्वाचे आहेत, पण तिथे निवडीला जागा नाही, म्हणून ते बाजूला ठेवतो.

मुख्याध्यापक म्हणून मला ही निवड करावी लागली. कायद्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. त्याला धाक आहे: नोटीस येते, वीज-पाणी तोडण्यापर्यंत वेळ जाऊ शकते. संस्थाचालक खर्चाला कां-कूं करत असतील, तर ही नोटीसच मुख्याध्यापकाच्या मदतीला येते. २००४ मध्ये तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुले गेली. त्यानंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्कही येतो. अग्निशमन साधने आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, दोन्ही त्या निकालात आहेत. आपल्याकडे त्यातले पहिलेच ठळकपणे रुजले, असे मला वाटते.

माझे मत फिरवले ते मागच्या जिन्याच्या कुलपाने. जिन्याच्या तोंडाशी सरकती जाळी आहे. शाळा भरली की तिला कुलूप, कारण मधल्या सुट्टीत मुले रस्त्यावर जातात आणि बाहेरची माणसे आत येतात. दोन्ही भीती खऱ्या आहेत. किल्ली शिपाईमामांकडे. आणि मामा पगारबिले घेऊन वेतन पथकाच्या कार्यालयात गेलेले असले, की किल्लीही तिकडेच. बाहेर पडायचे मार्ग मोकळे असावेत हे कायद्यालाही अभिप्रेत आहे. पण जानेवारी आणि जुलैत एजन्सी जो बी फॉर्म देते, तो बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत आहे एवढेच सांगतो. अग्निशामक सिलिंडरचा दाब बरोबर, रिफिलिंगची तारीख बरोबर, फाईल पूर्ण. आज किल्ली कोणाकडे आहे, हे त्या कागदावर कुठेच विचारलेले नसते. ही गोष्ट लक्षात आल्यावर मला कित्येक दिवस चैन पडले नाही.

आराखडा करायला बसलो की हा प्रश्न टाळताच येत नाही. कुठल्या वर्गाने कुठल्या जिन्याने उतरायचे, मैदानावर कुठे थांबायचे, हजेरी कोणी घ्यायची, चालता न येणाऱ्या मुलाला कोणी आणायचे, प्रत्येक ठिकाणी नाव लिहावे लागते. आमच्याकडे जाळीपुढे नाव लिहायची वेळ आली, तेव्हा दुसरी किल्ली करून शेजारच्या वर्गशिक्षिकेकडे द्यायचे ठरले. खर्च नगण्य. मॉक ड्रिलमध्ये पहिल्या मजल्यावरची मुले आता पूर्वीपेक्षा बरीच लवकर मैदानात येतात. घड्याळ लावून मोजलेले नाही, पण जिन्यावरची कोंडी कमी झालेली डोळ्यांना दिसते.

शिवाय आराखडा आगीपुरता थांबत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गुजरातमधल्या अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली मुले अरुंद गल्लीत ढिगाऱ्याखाली गाडली गेली. तिथे अग्निशामकाचा काय उपयोग? किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला, तेव्हा वर्गांत कोणी नव्हते. शाळेच्या वेळेत तसे काही घडले तर काय करायचे, हे मराठवाड्यातल्या शाळांनी तरी कागदावर मांडून ठेवायलाच हवे.

आराखड्याची उणी बाजूही सांगायला हवी. तपासायला सहसा कोणी येत नाही. मुख्याध्यापक बदलला की तो कपाटात जातो, आणि दुसऱ्या शाळेचा उतरवून काढला तर निरुपयोगीच. तुमची इमारत उंच असेल, तळघरात सभागृह असेल किंवा पोषण आहार वर्गांना लागूनच गॅसवर शिजत असेल, तर कदाचित आधी फायर ऑडिटच योग्य ठरेल. आणि बी फॉर्म कोणालाच टाळता येणार नाही, टाळूही नये.

पण दोन-तीन मजल्यांची, मैदान असलेली, आमच्यासारखी अनुदानित शाळा असेल तर मी पहिली बैठक आराखड्याची घेईन आणि एजन्सीला त्यानंतर बोलावीन. कुठला मार्ग वापरायचा हे ठरले की सिलिंडर कुठे टांगायचे, हेही आपल्यालाच सांगता येते. आमचे दोन सिलिंडर कार्यालयाच्या भिंतीवरून प्रयोगशाळेच्या दाराशी आले, ते असेच. एजन्सीचा माणूस आला की सेवकांना आणि दोन-चार शिक्षकांना पिन ओढून एक सिलिंडर प्रत्यक्ष चालवू द्या. रिफिलिंगच्या आधी तो तसाही रिकामा करायचाच असतो.