गुण्या वाकडा, तरी ट्रान्सलेशन बिनचूक! (कंपासपेटी, शाळा सुरू झाल्यापासूनचा वापर)

८० रुपयांची पेटी. आत काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थेट गुण्यांवर येते.

मुलगी केंब्रिज बोर्डाला आहे, तिथे भूमितीत ट्रान्सलेशन (आकृती न फिरवता, न उलटवता सरकवणं) भरपूर. चौकटीच्या कागदावर गुण्या लागतच नाही. व्हेक्टरमध्ये (किती सरकवायचं ते सांगणारी, एकाखाली एक लिहिलेली आकड्यांची जोडी) वर ३ आणि खाली −२ असेल, तर प्रत्येक शिरोबिंदू ३ घरं उजवीकडे, २ घरं खाली. बिंदू जोडले की झालं. (पोरं दोन आकृत्यांमधली मोकळी जागा मोजतात आणि मार्क घालवतात. मोजायचं ते शिरोबिंदूपासून त्याच्याच प्रतिमेपर्यंत.)

कोऱ्या कागदावर खरी कसरत. तिथे कुठल्या दिशेला आणि किती सरकवायचं ते एक बाण काढून दिलेलं असतं. गुण्याची एक कड बाणावर, दुसऱ्या कडेला पट्टी. पट्टी घट्ट दाबून गुण्या सरकवायचा, प्रत्येक शिरोबिंदूतून बाणाला समांतर रेषा काढायची, मग कंपासमध्ये बाणाची लांबी घेऊन बाणाच्याच दिशेने कंस मारायचा.

इथेच या पेटीने डोकं फिरवलं. पट्टीच्या दोन्ही कडा उतरत्या, गुण्याचीही उतरती. परिणाम? गुण्या सरकता सरकता पट्टीवर चढतो! तिसऱ्या शिरोबिंदूपर्यंत रेषा भलतीकडेच. अहो, एक कड जाड ठेवायला कितीसं प्लास्टिक लागतं? पेटीवर कार्टून छापायला पैसे आहेत, कडेला नाहीत.

वैतागून गुण्याच तपासला. पट्टीला टेकवून लंब काढला, गुण्या पालथा करून त्याच बिंदूतून पुन्हा काढला. दोन्ही रेषा एकीवर एक बसायला हव्यात, इथे वर चक्क फट. त्या फटीच्या कोनाच्या निम्मी चूक गुण्याची. दुकानात नेला तर, "ताई, प्लास्टिकला कसली गॅरंटी? पेटी उघडली की परत नाही." एक स्टार तिथेच पक्का केला होता.

पण मग मुलीने तोच गुण्या घरातल्या जाड लाकडी पट्टीला लावून त्रिकोण सरकवला. बाजू मोजल्या, कोन मोजले, सगळं बरोबर! विचार केल्यावर कळलं, यात ९० अंश हवेतच कुठे? सरकताना गुण्याचा पट्टीशी होणारा कोन बदलत नाही; संगत कोन समान, म्हणून रेषा समांतर. तो कोन ८८ चा असला तरी चालतो. कड सरळ हवी, एवढंच. शिवाय गुण्या स्वतः न फिरता, न उलटता सरकतो, म्हणजे ट्रान्सलेशन हातातच होतं. जिओजेब्रात (गणिताचं सॉफ्टवेअर) बाणाचं टोक ओढलं की प्रतिमा हलताना दिसते, समजायला छानच आणि फुकट; पण पेपरात पेन्सिलच चालवायची असते.

तर तीन स्टार. लंब काढायला हा गुण्या मी देत नाही. कंपासचा स्क्रू ढिला पडलाय, तो कुठल्या पेटीत पडत नाही? पट्टीला मात्र माफी नाही. घेणार असाल तर दुकानातच तिच्या कडांवरून बोट फिरवा, दोन्ही उतरत्या लागल्या तर पेटी काउंटरवरच ठेवा.