देवबाग: चार खोल्या, पाच माणसं आणि एक वही

कुठेही राहायला गेले की मी आधी पलंगाखाली वाकून बघते. दादरच्या कॅटरिंग कॉलेजातून १९८४ साली बाहेर पडले आणि निवृत्त होईपर्यंत मुंबईच्या हॉटेलांत हाउसकीपिंगच केलं, त्यामुळे ही खोड आता जायची नाही. देवबागच्या या घरगुती निवासात पलंगाखाली काही सापडलं नाही. मग आरशाच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथेही काही नाही. भाची वैतागून म्हणाली, "मावशी, आपण सुट्टीवर आलोय."

भाचीचं हॉटेल मॅनेजमेंट नुकतंच संपलंय आणि तिला क्रूझवर नोकरीला जायचं आहे. जानेवारीत आम्ही दोघी तीन रात्री इथे राहिलो. निवासाचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि चार खोल्यांच्या घराला एक वाईट ओळही जड जाते. कुडाळ स्टेशनला उतरून मालवण, तारकर्ली ओलांडून पुढे गेलं की एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माडांखाली हे घर आहे. एसी खोली २,२०० रुपये, न्याहारी धरून. बांगड्याची थाळी २५०. तिरफळ घातलेली बांगड्याची कढी आणि सोलकढी यांबद्दल जास्त लिहीत नाही, मालवणात ते वाईट मिळालं तरच बातमी. घावणे मात्र तव्यावरून थेट पानात येतात, तेव्हा पहिला संपेपर्यंत दुसरा मागू नका.

मला लिहायचंय ते घर चालवणाऱ्या बाईंबद्दल. सगळे त्यांना वहिनी म्हणतात, पाहुणेसुद्धा. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्या वर्षी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, आणि जाळी ठेवायची खोली रिकामी करून सासऱ्यांनी पहिला पाहुणा ठेवला. वहिनींनी त्या एका खोलीच्या चार केल्या. शेवटच्या दोन कर्ज काढून, राज्याच्या २०२३ च्या 'आई' धोरणाखाली. महिलांच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो, ते हे धोरण. कागद जमवताना किती खेपा झाल्या ते त्या हसत सांगतात, पण बँकेचं नाव घेताना हसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला चहाचा कप घेऊन मागच्या पडवीत गेले, तर तिथे चक्क ब्रीफिंग, म्हणजे दिवसाच्या कामांची सभा चाललेली. वहिनी, स्वयंपाकाच्या दोघी, खोल्या आवरणारी मुलगी आणि बुकिंग बघणारा पोरगा. भिंतीवर कॅलेंडर. ॲडव्हान्स आलेली नावं निळ्या पेनाने, न आलेली पेन्सिलीने. "तीन नंबरात साखरेचे पेशंट असत, शिरो देव नको. दोन नंबरातल्या बायची पाठ दुखता, तिका खुर्ची भायर काढून दे." मग वही उघडली आणि आदल्या दिवशीच्या चुका वाचायला घेतल्या. पहिली चूक वहिनींची स्वतःची होती: एका पाहुण्याला डॉल्फिन बघायच्या बोटीची वेळ चुकीची सांगितली होती. ती त्यांनी आधी वाचली आणि मग बाकीच्यांची. सगळं मिळून सात मिनिटं. मोठ्या हॉटेलांत मी असल्या सभा वर्षानुवर्षं घेतल्या, पण स्वतःची चूक सगळ्यांत वर लिहिणारा जनरल मॅनेजर मला एकदाच भेटला.

तिसऱ्या पहाटे नळाला पाणी नाही. रात्री पंप लावायचं कोणीतरी विसरलं होतं. पोरगा पाच मिनिटांत गरम पाण्याच्या दोन बादल्या घेऊन दारात हजर. "काकू, चूक आमची." निघताना बिलात ५०० रुपये कमी. मी वहिनींना विचारलं, हे तुम्ही सांगितलंत का? त्यांना माहीतही नव्हतं. म्हणाल्या, "सगळा माकाच इचारूचा तर तेका ठेवलंय कित्याक?" हजार रुपयांपर्यंतची सूट तो स्वतः देतो, वहीत लिहितो, बस्स. आमच्याकडे पाहुण्याला फुकट लिंबूपाणी द्यायचं तरी ड्युटी मॅनेजरची सही लागायची.

हा पोरगा चार वर्षं गोव्यात एका हॉटेलात होता. ग्लासात पाणी भरण्यापासून सुरुवात केली, वेटरांवर देखरेख करणाऱ्या कॅप्टनपर्यंत पोचला आणि परत आला. भाचीने सरळ विचारलं, "दादा, इथे पुढे काय?" त्याने गुळगुळीत उत्तर दिलं नाही. गोव्यात टिप धरून जास्त मिळायचे, इथे कमी. पण आता तो नदीच्या बाजूला स्वतःच्या दोन खोल्या बांधतोय आणि दर कसा ठरवायचा, बुकिंग साइटचं कमिशन कापून हातात काय उरतं, ते वहिनींनी त्याला समोर बसवून शिकवलंय. उद्या हाच त्यांचा स्पर्धक होणार. मी तसं म्हटलं तर वहिनी म्हणाल्या, डिसेंबरात मी रोज पाचजणांना नाही म्हणते, ते कोणाकडे तरी जाणारच ना.

आता तक्रारी. उशांच्या अभ्र्यांना दमट वास होता. समुद्राकाठी कपडे सुकत नाहीत हे मान्य, पण चार खोल्यांना चादरी-अभ्र्यांचे दोनच जोड ठेवले की असं होणारच. तीन तरी हवेत: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. बाथरूमचा उंबरठा घसरडा आहे, वयस्कर माणसांनी जपून. ज्या साइटवरून आम्ही बुकिंग केलं तिच्यावर खोलीतून समुद्र दिसतो असं लिहिलेलं. दिसतो शेजाऱ्यांचा माड. हे लिहिणं साइटवाल्यांचं, पण दुरुस्त करून घेणं वहिनींचं काम. आणि सर्वांत मोठी: डिसेंबरात कोणालाही आठवड्याची सुट्टी मिळाली नव्हती. हे मी वहिनींना तोंडावर सांगितलं. त्या गप्प बसल्या, मग त्यांनी वही मागवली.

जायचं असेल तर नाव मला विचारा आणि फोनवरच बुकिंग करा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका. सकाळचा चहा सहाला मिळतो आणि माझ्या चवीला तो फार गोड होता. तेही वहीत लिहून आलेय, तुमच्यापर्यंत साखर कमी झाली असेल तर कळवा.