वर्ल्डकपचं ब्रॅकेट लावायला गेलो आणि ४४,८३४ रुपये घालवून बसलो

२०२२ ला ज्या साईटवर फसलो, तसलीच लिंक पुन्हा फिरायला लागली आहे, म्हणून लिहितोय. यंदाचा (२०२६ चा) फुटबॉल वर्ल्डकप ११ जूनपासून, संघ ४८, बाद फेरीतच ३२. गोव्यात डिचोलीपासून काणकोणपर्यंत ग्रुपाग्रुपावर पूल निघणार, म्हणजे सगळ्यांनी पैसे टाकायचे, ब्रॅकेट (बाद फेरीत कोण कोणाला हरवणार याचा तक्ता) भरायचं आणि ज्याचा अंदाज सर्वात बरोबर त्याने बक्षीस न्यायचं.

२०२२ ला आमच्या वाड्यावरच्या पूलात ६२ जण होते, प्रत्येकी ५०० म्हणजे ३१,००० रुपये. आधी हे काम एक्सेलवर चालायचं आणि गुणांवरून भांडणं व्हायची. ब्रॅकेटच्या फुकट साईट आहेत, पण त्या अंदाज ठेवतात, पैशाला हात लावत नाहीत. ही साईट म्हणाली, पैसे आम्ही सांभाळू, बक्षीस आपोआप वाटू, ५ टक्के द्या. १,५५० गेले तरी कटकट संपली असं वाटलं. त्यात काय चुकलं हो? पत्त्याशेजारी कुलुपाचं चिन्हसुद्धा होतं. (ते कुलूप चोराच्या साईटवरही असतं. माहिती मधे कोणी वाचणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.)

खरी मेख ९ डिसेंबरला दिसली होती. क्रोएशिया-ब्राझील १-१, पेनल्टीवर क्रोएशिया ४-२. साईटवर निकाल काय? ‘अनिर्णित’. क्रोएशिया लावलेल्यांना शून्य गुण. बाद फेरीत अनिर्णित! गोव्यात मैदानावर चेंडू आणून देणाऱ्या पोरालाही हे कळतं. मी चॅटवर विचारलं, तर मिनिटात उत्तर: ‘सर, निकाल हाताने अपडेट करतो.’ हाताने! म्हणजे मागे प्रणाली वगैरे काही नाही, कोणीतरी माणूस बसून आकडे टाकतोय. तिथेच उठायला हवं होतं. पण दुसऱ्याच रात्री मोरोक्कोने पोर्तुगालला घरी धाडलं, अर्ध्या वाड्याची ब्रॅकेट फाटली, ग्रुपवर नुसती रडारड. त्या गोंधळात साईटकडे कोण बघतो?

यूपीआयवर पैसे पाठवताना नाव कंपनीचं नाही, कुण्या बाईचं येत होतं, हेही बघून ठेवा. पिन टाकण्याआधी दिसणारं ते नाव वाचा.

अर्जेंटिना जिंकली, पहिलं बक्षीस शेजारच्या वहिनींचं. ‘पैसे काढा’ दाबलं तर म्हणे आधी ३० टक्के टीडीएस (बक्षिसावरचा कर) भरा, ८,८३५ रुपये. भरले. मग ‘पडताळणीची अनामत, परत मिळेल’ म्हणून ४,९९९. तेही भरले, कारण वहिनी गडग्यावरून विचारायच्या, ‘भावजी, माझे पैसे कधी?’ आणखी ६,२०० मागितले तेव्हा कुठे थांबलो. मग काही वेळाने साईटच गायब. टीडीएस देणारा बक्षिसातूनच कापतो, घेणाऱ्याकडून आगाऊ मागत नाही. हे मला ठाऊक होतं! पण समोर शिक्क्यासकट पावती आली होती, कोणीही भुलला असता.

मग सरकारी फेरा. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात, आमची जबाबदारी नाही. पोलिसांकडे गेलो तर पहिला प्रश्न: ‘हो जुगारच न्हय रे?’ (हा जुगारच ना रे?) १९७६ चा जुगार कायदा मलाच ऐकवला. अरे, गाड्यावर मटक्याची चिठ्ठी उघड फाडली जाते, मांडवीत कॅसिनोच्या बोटी रात्रभर लखलखतात, तेव्हा हा कायदा कुठल्या कपाटात असतो? नंतर कळलं, पैसे गेलेलं खातं परराज्यातलं, म्हणून ‘तिकडे विचारा’. तिकडचे म्हणाले, ‘तक्रार जिथे दिली तिथे विचारा.’ साहेब कधी मीटिंगमध्ये, कधी निवडणूक ड्यूटीवर. सायबर तक्रारीच्या पोर्टलवर माझी तक्रार अजून ‘प्रक्रियेत’ आहे. लोकांचे ३१,००० मी खिशातून परत केले, कारण मला इथेच राहायचंय.

फसलात तर त्याच तासाला १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन) फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात. मी आधी त्यांच्या चॅटवरच विनवण्या करत बसलो. तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. आणि आता तर २०२५ च्या ऑनलाईन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळच बंद केलेत, तेव्हा ‘सरकारमान्य पूल’ म्हणणारा सरळ खोटं बोलतोय.

आमच्या वाड्यावर यंदा एन्ट्री फी नाही. ब्रॅकेट फुकटच्या साईटवर, आणि जिंकणाऱ्याला वहिनींकडून कोंबड्याची शागुती.