सांगलीकर असून पुराचा वास ओळखला नाही

हसणार असाल तर आधीच हसून घ्या. मी पतसंस्थेत कर्जविभागात आहे. चौदा वर्षं लोकांचे सातबारे, आरसी, पॉलिस्या उलटून पालटून बघतोय. आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये, आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली तेव्हा, माझ्या घरात छातीएवढं पाणी होतं. म्हणजे कागद आणि पूर, या दोन गोष्टी मला कुणी शिकवायची गरज नव्हती. नेमकं याच दोन्हीत, जुनी गाडी घेताना, मला गंडवलं.

गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. 2013 ला आली तेव्हापासून डोक्यात बसलेली. 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 105 पीएस, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तेव्हा पगार एवढासा होता, आणि पगार झाला तोवर 2022 ला पोलोच बंद झाली. म्हणजे घ्यायची तर जुनीच, आणि नीट ठेवलेली क्वचित मिळते. असली गाडी समोर दिसली की आपले हात शिवशिवतात, हे जुन्या गाड्या विकणाऱ्या यार्डवाल्याला पक्कं माहीत असतं.

यार्ड हायवेला आहे. नाव, गाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. गाडी नोव्हेंबर 2014 ची, एमएच 12 पासिंग, पांढरी, मीटरला 58,412 किलोमीटर. "दादा, गाडी बघा की ओ. पुण्याच्या डॉक्टरची हाय. लहान मुलांचे डॉक्टर. घरातनं दवाखाना, दवाखान्यातनं घर." मागणी 4,75,000. तुटली 4,35,000 ला.

आता तो क्षण सांगतो, जो मी रोज रात्री आठवून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतो.

सोबत आई होती. मी ड्रायव्हर सीटवर, ती मागे बसली. एसी आधीपासून फुल्ल चालू, आरशाला दोन-दोन सुगंधी पाकिटं लटकवलेली, डॅशबोर्डवर जेलची डबी. मोगरा का काय ते. आईनं पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "अरे, पुराचा वास येतोय." अगदी याच शब्दांत. आमच्या घरातली गादी, कपाटं, हळदीचं पोतं, सगळं कुजलेलं तिनं स्वतःच्या हातानं बाहेर काढलंय, तिला तो वास झोपेतही कळेल. आणि मी काय म्हणालो? "आई, तुला सगळीकडेच पुराचा वास येतो." यार्डवाला मोठ्यानं हसला. मीही हसलो. त्या हसण्याची किंमत खाली लिहिली आहे, रुपयांत.

नवीन लेदरची सीट कव्हरं, नवीन मॅट, चारही टायर नवे. मला वाटलं, डॉक्टर हौशी दिसतात. अहो, 58 हजार फिरलेल्या गाडीचं सगळं एकदम नवं का असतं? जिथं नवीन आहे तिथं आधी बघा. ब्रेक पेडलचं रबर मात्र जुनंच होतं, कडेनं गुळगुळीत झिजलेलं. ते बदलायचं विसरले. मी बघायचं विसरलो.

बॉनेटला हात लावला तर गरम. "आत्ताच एक पार्टी बघून गेली." गाडी बघायला जाताना फोनवरच सांगा की मी येईपर्यंत चावी फिरवायची नाही, आणि गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर तळवा ठेवा. गरम असेल तर चहा पिऊन घरी या. सुरुवातीच्या 1.2 टीएसआयला टायमिंग चेन आहे, इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी. ती सैल झाली असेल तर थंड इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद खडखड ऐकू येते. गरम इंजिन गप्प बसतं.

टेस्ट ड्राइव्ह म्हणजे हायवेला चार किलोमीटर, सरळ रस्ता. तिथं डीएसजी लोण्यासारखाच चालणार! हा ड्राय क्लचचा, म्हणजे तेलाविना कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स आहे, त्याची परीक्षा गर्दीत होते. मारुती चौकातनं गणपती पेठेकडे संध्याकाळी सहाला नेली असती, अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकवली असती, कुठल्यातरी चढाला थांबवून रिव्हर्स घेतली असती, तर थरथर कळली असती. ताकद वाढवायला कुणी ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ट्यून केलाय का हेही तोंडावर विचारा. हा गिअरबॉक्स 250 न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी, म्हणजे इंजिनच्या फिरवण्याच्या जोरासाठी, बनवलेला आहे, आणि आपल्याकडची पोरं 175 च्या कंपनी सेटिंगवर समाधानी नसतात.

कुपवाडचे एक मिस्त्री 1,500 रुपयांत स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र, घेऊन यायला तयार होते. मी नको म्हणालो. रविवार होता, इचलकरंजीची पार्टी दुपारी टोकन द्यायला येणार असं यार्डवाला दोनदा म्हणाला, आणि "एवढा पण इश्वास न्हाय का दादा?" या वाक्यापुढं आपण मराठी माणसं पाघळतो. माझ्या जागी कुणीही पाघळला असता. निदान मी स्वतःला तसंच सांगतो.

14 मे 2023. टोकन 21,000 ऑनलाईन, 3,64,000 आरटीजीएस, आणि 50,000 रोख. रोखीची पावती नाही, "टॅक्सचं असतं दादा." बिल 3,85,000 चं. वकिलांनी ते पन्नास हजार ऐकून नुसती मान हलवली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात विश्रामबागला सिग्नलला उभा होतो. भुरभुर पाऊस. डाव्या बाजूची काच आपोआप खाली गेली. मग वर. मग एअरबॅगचा दिवा लागला. गॅरेजमध्ये बॅटरी आणि काचेचं स्विच बदललं, 6,400. आठ दिवसांनी मिरज रोडला गिअरचं अक्षर लुकलुकायला लागलं आणि गाडी जागची हलेना. मागं बसचा हॉर्न, बाजूनं रिक्षावाल्यांच्या शिव्या. ढकलायला चार कॉलेजची पोरं आली, त्यातला एक म्हणतो, "काका, जीटी हाय का? भारी!"

शेवटी त्याच मिस्त्रींकडे टो करून नेली. ते काही बोलले नाहीत. ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि ओढत राहिले. आपण लावताना येतो तेवढा पट्टा स्वच्छ काळा. त्याच्यापुढचा, जो एरवी खांबातच गुंडाळलेला असतो, तो हातभर भाग पिवळट, आणि त्याच्या कडेला सरळ रेघ. पाणी जिथं थांबलं होतं ती रेघ. मग सीट खोलली. सीटखाली वायरिंगचे जोड असतात, त्यांच्या पिनांवर हिरवा गंज, जुन्या तांब्याच्या भांड्याला येतो तसा. सीटचे रूळ तांबेरलेले. स्टेपनी काढली तर खाली बोटाच्या पेराएवढा गाळ. मिस्त्रींनी तो चिमटीत घेऊन माझ्या तळहातावर ठेवला. वाळून पीठ झालेला, मऊ. 2019 ला महिनाभर फरशीवरनं हाच खरवडत होतो मी.

हे सगळं बघायला स्कॅनर लागत नाही. पट्टा टोकापर्यंत ओढायला काय पैसे पडतात?

पॉलिसीवर आधीच्या मालकाचा नंबर होता, त्यांना फोन लावला. डॉक्टर नाहीत, कंत्राटदार आहेत. सरळ माणूस. म्हणाले, "2021 च्या जुलैत गाडी कोल्हापुरात पार्किंगला दोन दिवस पाण्यात होती. क्लेम घेऊन दुरुस्त केली, मग नाद सोडून त्या यार्डला दिली, सगळं सांगून दिली." चेसिस नंबर देऊन सर्व्हिस रेकॉर्ड काढलं. एप्रिल 2021 ला 97,380 किलोमीटर. दोन वर्षांनी माझ्याकडे आली तेव्हा 58,412. उलटी चालत आली बहुतेक पुण्याहून.

आता माझ्या धंद्यातली लाज. यार्डवाल्यानं दिलेल्या नोव्हेंबर 2022 च्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, 20 टक्के छापलेला होता. एकच मालक, आठ वर्षं, "स्क्रॅच पण न्हाय", मग बोनस 50 टक्के पाहिजे. पाच वर्षं क्लेम नसला की तो तिथं पोचतो. 20 याचा अर्थ, दोन वर्षांच्या आत क्लेम होऊन बोनस शून्यावर आला आणि नंतर एक वर्ष कोरं गेलं. मी तो कागद हातात धरून मुदत बघितली, नाव बघितलं, चेसिस नंबर आरसीशी जुळवला आणि बाजूला ठेवला. कर्जाच्या फाईलमध्ये कुणी असली चूक केली असती तर मी त्याला केबिनमध्ये बोलावलं असतं.

यार्डवाला? "आम्ही जशी आली तशी इकली. सही हाय तुमची, जशी आहे तशी घेतली म्हणून." सही आहे. छापील कागदावर, सगळ्यात खाली, बारीक अक्षरात.

पोलीस ठाण्यात चार खेपा घातल्या. कोणतं ठाणं ते सोडा. पहिल्या खेपेला साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या खेपेला, "तुम्ही स्वतः चालवून बघितली ना? शिकलेले दिसताय की." तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. चौथ्या खेपेला, "दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा." मीटर चाळीस हजारानं मागं फिरवून गाडी विकणं ही दिवाणी बाब! माझ्या खिशातनं कुणी पाचशेची नोट काढली असती तर फौजदारी, 3,85,000 पावती देऊन काढले तर दिवाणी.

आरटीओत वेगळीच मजा. मीटरचं विचारलं तर "ते आमच्याकडे येत नाही." बरं. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याकडून अधिकृतता घ्यावी लागते, नियम झालाय. माझा व्यवहार मे महिन्यातला. या यार्डकडे ती होती का, एवढंच विचारलं. या टेबलावरनं त्या टेबलावर, तिथनं जेवणाच्या सुट्टीवर, तिथनं "माहिती अधिकारात अर्ज टाका." टाकला. उत्तर आलं की माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. तुम्ही मात्र टोकन द्यायच्या आधी अधिकृतता दाखवा म्हणून अडून बसा, नंतर कुणी दाखवत नाही. विमा कंपनीत गेलो तर क्लेमची माहिती फक्त त्या वेळच्या पॉलिसीधारकालाच. म्हणजे ज्याला माहीत आहे त्यालाच सांगणार.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर निदान कुठं जायचं ते नीट कळलं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत टाकायची. टाकली. यार्डचा वकील एका तारखेला आजारी, एका तारखेला वकालतनामा नाही.

खर्च मांडतो. गाडी 4,35,000, ट्रान्सफर आणि एजंट 8,500, विमा 11,200. बॅटरी-स्विच 6,400, वायरिंग आणि सीटखालचं काम 31,700, गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारं युनिट, जुनं रिपेअर केलेलं बसवलं 86,000. एकूण 5,78,800. आज विकायला काढली तर 1,90,000 च्या वर कुणी बोलत नाही, कारण मी येणाऱ्याला सीटबेल्ट ओढून दाखवतो. बायको म्हणते दाखवू नका. मला जमत नाही.

हो, स्कॅनरचं राहिलं. नुसते एरर कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका, कोड पुसून टाकता येतात. रेडीनेस मॉनिटर बघायला सांगा, म्हणजे गाडीनं स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. ते अपूर्ण दिसले तर पुसून फार दिवस झालेले नाहीत, किंवा नुकतीच बॅटरी काढली होती. मग विचारा, का काढली होती.

आई त्या गाडीत अजून बसत नाही. रिक्षानं जाते. परवा त्याच यार्डचं व्हॉट्सअॅप स्टेटस दिसलं, ब्लॉक करायचं राहून गेलं होतं. लाल हॅचबॅक, टर्बो, सिंगल ओनर, डॉक्टरची. या वेळी डॉक्टर दातांचे आहेत.